इर्जिक नको, सावड धरा

मृग जवळ आला की गावोगावच्या पारावर नवे बेत निघतात. यंदा ठिबक बसवायचं, पोरीला तालुक्याला शिकायला ठेवायचं, तंबाखू सोडायची, सावकाराचा हिशेब एकदाचा मिटवायचा. पोळ्यापर्यंत यातले निम्मे बेत विरून जातात. दोष आपण पावसाला देतो, नाहीतर नशिबाला. माझं मत असं की पुष्कळदा बेत मोडतो तो एकट्यानं धरल्यामुळं.

जुन्या माणसांना सावड आणि इर्जिक यातला फरक सांगायला नको. नव्या पोरांसाठी सांगतो. एखाद्याची नांगरट मागं पडली की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना औतं घेऊन बोलावी. दिवसभरात रान उलथून निघे, संध्याकाळी पंगत बसे. ती इर्जिक. सावड वेगळी. एक बैल तुझा, एक माझा. आज तुझं रान, उद्या माझं, आणि ही जोडी हंगामभर टिकायची. सावडीत फेड असते. फेड चुकवणाऱ्याबरोबर पुढल्या साली कोण सावड धरणार?

मनातलं काम तडीस न्यायचं तर असा सावडीचा माणूस लागतो. आपण मात्र इर्जिकीसारखी गर्दी जमवतो.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ठरवलं, शेतीचा रोजचा जमाखर्च लिहायचा. पारावर बोललो तर "आता मामलेदार होता काय?" म्हणून थट्टा झाली. एका पुढाऱ्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तात्या, मी पाठीशी आहे." पाठीशी असणाऱ्यांचं असं असतं, वळून बघितलं तर दिसत नाहीत. वही वीस दिवसांत बंद पडली.

पुढल्या वर्षी बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला विचारलं. आमचं फारसं सूत नव्हतं, पाइपलाइनीवरून एकदा वाजलंही होतं. पण कांदा खरोखर परवडतो का, हे त्यालाही बघायचं होतं. दर बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर दोघांच्या वह्या उघडायच्या, एवढंच ठरलं. एका आठवड्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. त्यानं पान उलटलं आणि विचारलं, "कोरं का?" त्यानंतर पान कोरं राहिलं नाही. वर्षाअखेर घरच्या माणसांची मजुरी धरून हिशेब केला, तर माझा कांदा तोट्यात आणि दोन म्हशी घर चालवतात असं निघालं. मी एक एकर कांदा कमी केला. त्यानं नाही केला. त्याचं त्याच्यापाशी, सावड म्हणजे एकमत नव्हे.

सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, त्यातही हेच दिसतं. चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी परवाना मागितला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण त्यावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका लिहा-वाचायला बसल्या. पुन्हा मुंबईला गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, साहेबांनी यंत्राशिवाय करून दाखवावा. परवाना मिळाला. सही शिकणं हे तसं एकेकीचं काम. पण घरात एकटी बाई पाटी घेऊन बसली असती तर सासूसकट सगळे हसले असते. दहाजणी बसल्यावर कोण कुणाला हसणार?

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. ज्यांना आपण अजून तलाठी, ग्रामसेवक म्हणतो त्या भाऊसाहेबांना गावातल्या प्रत्येकाची नड माहीत असते. २०१७ साली राज्यानं गटशेतीची योजना आणली. किमान २० शेतकरी आणि १०० एकर, अशी तिची अट. हेतू चांगला होता. पण अनुदान आलं की नावं गोळा करायची आणि संपलं की गट संपला, ही आपली जुनी खोड. वीस नावं लिहिण्याआधी ज्यांची नड एक आहे अशा दोघांची गाठ घालून द्या. एवढ्याला ठराव लागत नाही, टिपणी लागत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, माणूस निवडताना गोड बोलणारा बघू नका. ज्याला तुमच्याकडूनही काही हवं आहे आणि जो तोंडावर विचारील, तो बघा. नातेवाईकच पाहिजे असं नाही. उलट भावकीत पुष्कळ वेळा जुनी उणीदुणी मधे येतात.

आमच्या टपरीवर यंदा तिसरा माणूस आला आहे. कर्जाचा आकडा त्यानं बायकोलासुद्धा सांगितला नव्हता, झोप उडाली होती म्हणाला. पहिल्या दोन बाजारी नुसता बसून राहिला. तिसऱ्या बाजारी वही काढली आणि आकडा आमच्यापुढं सरकवला. आम्ही दोघांनी तो वाचला. त्या दिवशी चहाचे पैसे त्यानंच दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत.