मुदत फक्त विद्यार्थ्यालाच

‘लाडकी बहीण’ योजनेतल्या महिलांचा 2025 च्या एप्रिलचा हप्ता भागवण्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास खात्याचे 335 कोटी 70 लाख रुपये वर्ग झाले. एकूण 746 कोटी. यावर विरोधकांनी ओरड केली यात नवल नाही. पण सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीरपणे आदळआपट केली, तेव्हा सरकारला खुलासा करावा लागला. खुलासा असा की हा निधी अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थी महिलांसाठीच होता, त्यामुळे ही पळवापळवी नव्हे. असेल. कोणत्या लेखाशीर्षातून कोणत्या लेखाशीर्षात रक्कम गेली, हा वाद वित्त खात्याने आणि शिरसाटांनी खुशाल घालत बसावा. आमचा प्रश्न साधा आहे. हप्ता वेळेवर देण्यासाठी जे सरकार एका रात्रीत 746 कोटी उभे करू शकते, त्याच सरकारला याच खात्यांच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती शैक्षणिक वर्ष संपायच्या आत का देता येत नाही?

कारण हप्त्याला तारीख आहे आणि शिष्यवृत्तीला नाही. निदान सरकारसाठी नाही. विद्यार्थ्यासाठी मात्र पावलोपावली तारीख आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, तो चालू वर्षाचा हवा. जातीचा दाखला, अधिवास, मधे एखादे वर्ष वाया गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट. बँक खाते आधारशी जोडलेले हवे. सेतू केंद्रात रांग लावून हे सारे जमवायचे, महाडीबीटी संकेतस्थळावर चढवायचे, मग तो अर्ज महाविद्यालयातल्या कारकुनाच्या टेबलावर, तिथून जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे. एखादा कागद पुसट दिसला की अर्ज ‘सेंट बॅक’. दुरुस्तीची मुदत टळली की वर्ष गेले. मंजुरी मिळालीच तर ‘रिडीम’चे बटण दाबायला विसरायचे नाही. आणि इतके सगळे केल्यावर पैसे कधी, असे विचारले की उत्तर एकच: निधी उपलब्ध झाल्यावर. अर्जाला एक दिवस उशीर झाला तर विद्यार्थी अपात्र ठरतो. पैशाला वर्ष उशीर झाला तर सरकारचे कोणी काही ठरवत नाही. महाडीबीटी संकेतस्थळ 2017-18 मध्ये आले तेव्हा पहिल्याच वर्षी ते इतके कोलमडले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले होते. त्यानंतर संगणक सुधारला, वृत्ती नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ‘लाडकी बहीण’लाही उत्पन्नाची अट आहे, कौटुंबिक अडीच लाखांचीच. पण पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरजच नाही, असे सरकारने ठरवले, कारण समोर निवडणूक होती आणि दाखल्यांसाठी थांबायला वेळ नव्हता. गोरगरीब बायकांच्या हातात महिना दीड हजार पडतात याचे आम्हाला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की त्याच घरातली मुलगी अभियांत्रिकीला गेली की तीच शिधापत्रिका एकदम अपुरी पडते. आईची गरिबी सरकारला कार्डावरून दिसते. लेकीची गरिबी तहसीलदाराने शिक्का मारून सिद्ध करावी लागते. मतदानाच्या रांगेत आणि सेतूच्या रांगेत हाच फरक आहे.

शिवाय सिद्ध करून मिळते काय? वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. 2016-17 ची. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला 60 हजार: भोजनासाठी 32 हजार, निवासासाठी 20 हजार, निर्वाहासाठी 8 हजार. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला 1,667 रुपये. या पैशात पुण्यात सदाशिव पेठेत सोडाच, कात्रजच्या पुढे तरी कॉट मिळते का, हे एकदा समाजकल्याण आयुक्तालयातल्या साहेबांनी पायी फिरून पाहावे. आयुक्तालय पुण्यातच आहे. जेवणाचे दिवसाला 88 रुपये पडतात; दोन वेळची खाणावळ, सकाळचा चहा-नाश्ता, सगळे त्यात. आणि ही तुटपुंजी रक्कमही महिन्याच्या महिन्याला येत नाही. घरमालक मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतो.

उत्पन्नमर्यादेची कथा तर याहून विचित्र आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची मर्यादा 2013 मध्ये ठरली. ती केंद्राची आहे, हे मान्य. पण ती वाढावी म्हणून महाराष्ट्राने दिल्लीत कधी ठिय्या दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. राज्य सरकारच्या सेवेतल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपायाचे मूळ वेतन 15 हजार आहे. त्यावर महागाई भत्ता धरला की वर्षाचे अडीच लाख ओलांडले जातात. त्याच्या मुलाला शुल्कमाफी मिळते, निर्वाह भत्ता नाही. सरकारी शिपायाला सरकारनेच सधन ठरवून टाकले! तिकडे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी मर्यादा आठ लाखांची. ती कमी करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांची गरिबी मोजायच्या दोन पट्ट्या असाव्यात आणि त्यातली आखूड पट्टी ज्याला शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले त्याच्याच वाट्याला यावी, याचे समर्थन कोणता मंत्री करणार आहे? शिवाय दाखल्याची गंमत वेगळीच. पगारदाराचे उत्पन्न रुपयापर्यंत कागदावर असते. ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत आणि ज्याचा धंदा रोखीत चालतो, त्याला लाखाच्या आतला दाखला कसा मिळतो हे प्रत्येक तालुक्याच्या गावाला ठाऊक आहे.

8 जुलै 2024 ला मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफीचा शासन निर्णय निघाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश, 50 टक्क्यांऐवजी 100 टक्के सवलत, 906 कोटींचा वाढीव भार. निर्णय उत्तम होता. आम्ही आजही तसेच म्हणू. अभिमत आणि खासगी विद्यापीठे त्यातून वगळली, हे फलकांवर मोठ्या अक्षरांत नव्हते एवढेच. पण प्रवेश सुरू झाले आणि ‘आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ’ असे महाविद्यालयांनी पालकांना सांगायला सुरुवात केली. उच्च व तंत्रशिक्षण खात्याला कारवाईचे इशारे पुन्हा पुन्हा द्यावे लागले. फुकट शिक्षणासाठी सावकाराकडून आणलेल्या पैशांवरचे व्याज कोणत्या योजनेत बसते?

संस्थाचालकांना झोडपणे सोपे आहे आणि त्यातले अनेक त्या लायकीचे आहेतही. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच बजावले, तरी दाखला अडवण्याचा धंदा थांबलेला नाही. पण ज्या लहान संस्थेचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी सवलतीचे आहेत, तिने प्राध्यापकांचे पगार कशातून करायचे? सरकार स्वतः बुडव्या देणेकरी असताना दुसऱ्याला कायद्याचा बडगा दाखवते, तेव्हा तो बडगा कोणी मनावर घेत नाही. 2021 पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो आणि शुल्क त्याने महाविद्यालयात भरायचे असते. ही रक्कमही रखडली की तगादा सरकारला नव्हे, त्या विद्यार्थ्याला लागतो. गावाकडे फोन जातो, बाप उधार-उसनवार करतो, आणि अनेकदा मुलगाच म्हणतो, राहू द्या शिक्षण.

योजनांना नावे मात्र थोर. राजर्षी शाहू, पंजाबराव देशमुख, सावित्रीबाई, बाबासाहेब. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर. दरमहा! शंभर वर्षांपूर्वीच्या संस्थानिकाला जे जमले ते बटण दाबताच पैसे पोहोचवण्याच्या बढाया मारणाऱ्या राज्याला जमत नाही.

जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होतात. त्याआधी मागची सगळी थकबाकी चुकती करावी आणि कोणत्या खात्याची किती बाकी होती हे जिल्हावार जाहीर करावे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता सप्टेंबरपर्यंत देणे शासनावर बंधनकारक करून उशिराबद्दल विद्यार्थ्याला व्याज द्यावे. ज्या घराला शिधापत्रिकेवर दीड हजार मिळतात त्या घरातल्या विद्यार्थ्याकडून उत्पन्नाचा वेगळा दाखला मागू नये. स्वाधारचे दर महागाईशी जोडावेत. आणि सामाजिक न्याय व आदिवासी विकास खात्यांतून गेलेले 746 कोटी पुरवणी मागण्यांत त्यांना परत मिळाले पाहिजेत.  शिरसाटांचा संताप खरा असेल, तर त्यांनी ही मागणी मंत्रिमंडळाच्या बैठकीत करावी, पत्रकारांपुढे नव्हे.