खाटकाच्या फळीवरून आलेले विशेषण

ब्रिटनमधील वृत्तपत्रे एखाद्या कारभारावर झोड उठवताना ‘शॅम्बॉलिक’ हे विशेषण हमखास वापरतात. पार विस्कटलेला, धरबंध नसलेला, हा त्याचा अर्थ. मराठीत ‘अनागोंदी’ त्याच्या सर्वांत जवळ जातो. कोशात एवढे पाहून थांबता येईल. परंतु या शब्दाचे कूळ शाकाहारी घराला दचकवणारे आहे.

मूळ नाम ‘शॅम्बल्स’. लॅटिनमधील ‘स्कॅमेलम’ म्हणजे लहानसा बाक. इंग्रजीत आल्यावर त्याचे मेज झाले, मग मांस विकण्याची फळी, मग मांसबाजार, आणि सोळाव्या शतकात थेट कत्तलखाना. यॉर्क शहरात ‘शॅम्बल्स’ नावाची अरुंद गल्ली आजही आहे. १८७२ साली तेथे खाटकांची सुमारे २५ दुकाने होती. ती गेली; काही दुकानांबाहेरचे मांस टांगण्याचे आकडे मात्र राहिले आहेत. रणांगणावरील रक्तपातालाही हाच शब्द लावीत. निव्वळ पसारा हा अर्थ विसाव्या शतकातला. आज मुलाच्या खोलीला ‘शॅम्बल्स’ म्हणणाऱ्या इंग्रज मातेच्या मनात रक्ताचा थेंबही नसतो. शेवटी ‘स’ असूनही हे नाम एकवचनी चालते. विशेषण त्याहून अलीकडचे, बहुधा ‘सिम्बॉलिक’च्या चालीवर घडलेले.

वापरताना एक भेद ध्यानी ठेवावा. महापुरात शहराची स्थिती ‘केऑटिक’ होते. तेथे कोणाचा दोष असेलच असे नाही. योजनेविना, दैवावर सोडून केलेले काम ‘हॅपहॅझर्ड’. त्यातील ‘हॅप’ म्हणजे नशीबच. मात्र त्याच पुरानंतर याद्या न करता मदत वाटली, एकाला दोनदा मिळाली आणि दुसरा उपाशी राहिला, तर ते वाटप ‘शॅम्बॉलिक’. जबाबदारी कोणाची तरी होती आणि ती पार पडली नाही, असा आरोप या शब्दात दडलेला असतो. शिवाय तो बोलीतला, ब्रिटिश वळणाचा. अमेरिकेत फारसा चालत नाही. लेखापरीक्षणाच्या अहवालात तर त्याला थारा नसावा. तेथे कोणती पावती गहाळ आहे आणि कोणती बेरीज जुळत नाही, तेवढे लिहावे. विशेषणाने बेरीज जुळत नाही आणि माणूस मात्र दुखावतो.

मराठीचा ‘गोंधळ’ मात्र अगदी वेगळ्या वाटेने आला. लग्नकार्यानंतर देवीपुढे संबळ-तुणतुण्याच्या साथीने घातला जाणारा तो विधी. संबळ आणि शॅम्बल्स यांचे नादसाम्य हा निव्वळ योगायोग. इंग्रजांना अव्यवस्थेसाठी खाटकाची फळी आठवली, मराठी माणसाला देवीपुढचा जागर.