फंबल : हात गडबडतो तेव्हा

क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात हे क्रियापद तुम्ही ऐकले असेल. चेंडू हातात येऊनही क्षेत्ररक्षकाला नीट धरता आला नाही, की ‘ही फंबल्ड द बॉल’. पण ते मैदानापुरते नाही.

जिन्यात अंधार, पिशवीत किल्ली सापडेना : ‘शी फंबल्ड फॉर द की’. सापडली, पण कुलूप उघडेना : ‘शी फंबल्ड विथ द लॉक’. ‘फॉर’ आले की चाचपडून शोधणे, ‘विथ’ आले की हातातल्या वस्तूशी झटापट. हा फरक मुलांकडून घोटून घ्या; अर्थ पाठ असूनही वाक्य इथेच फसते.

मुलाखतीत शब्द पटकन सुचला नाही, तर ‘आय फंबल्ड फॉर वर्ड्स’. उत्तर येत नव्हते, असा याचा अर्थ होत नाही. शब्द शोधावा लागला, एवढेच.

‘बंगल’ मात्र वेगळे (राहायच्या बंगल्याशी त्याचा संबंध नाही). त्यात काम बिघडवल्याचा ठपका आहे. तुमचा नुसता हात गडबडला, काम पुरे झाले, तरी साहेब ‘यू बंगल्ड इट’ म्हणाले, तर मान खाली घालू नका. शांतपणे सांगा : ‘आय फंबल्ड, सर, बट आय फिनिश्ड इट.’