तुझ्या आंब्याक मोहोर इलो

न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मुंबईत रे रोडला पहाटेचे साडेपाच झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आमचे साडेसहा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेपाच. आमच्या घोडपदेवच्या इमारतीत हे हिशेब तोंडपाठ असलेल्या आज्या बऱ्याच आहेत. कुणाची नात अमेरिकेत, कुणाचा नातू मेलबर्नला. याच वस्तीत एके काळी बायकांना गिरणीच्या पाळ्यांचे भोंगे पाठ असत.

हे लांबचं नातं नव्या जमान्यानं आणलं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. रे रोड, कॉटन ग्रीन, माझगाव, लालबाग हा सगळा पट्टा ताटातुटीवरच वसलेला आहे. 12 डिसेंबर 1910 रोजी कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बरची गाडी धावू लागली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही गोदीत, गोदामांत, गिरण्यांत राबायला कोकणातून माणसं येतच राहिली. बाप मुंबईत, आजी गावाला, आणि नातवंडं दोघांच्या मधे. माझे वडील गोदीत होते. आजी मालवणजवळच्या गावात. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोट पकडायची, मालवणला ती खोल पाण्यात उभी राहिली की पडावात उतरायचं आणि भिजत किनाऱ्याला लागायचं. पावसाळ्यात बोट बंद. मग वर्षभर आजी म्हणजे पोस्टकार्ड.

आजीला लिहिता येत नव्हतं. शाळेतल्या एखाद्या पोराला ओट्यावर बसवून ती मजकूर सांगायची, आणि तो पोरगा तिच्याच बोलीत जसाच्या तसा उतरवायचा. तिनं प्रत्येक नातवंडाला काहीतरी वाटून दिलं होतं. विहिरीकडचा रायवळ आंबा माझा, मागच्या परड्यातला फणस भावाचा, चुलतभावाच्या वाट्याला गाईचं वासरू. माझ्या नावाच्या कार्डात माझी चौकशी जेमतेम एका ओळीची. बाकी सगळी बातमी झाडाची. ‘तुझ्या आंब्याक मोहोर इलो.’ पुढच्या कार्डात मळभ येऊन मोहोर गळल्याचं. त्याच्या पुढच्यात, माकडांनी कैऱ्या पाडल्या, त्यांचं लोणचं घालू की मीठ लावून वाळवू, ते लवकर कळव. मी तिसरी-चौथीत असेन. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो, आणि पाचशे किलोमीटरवरच्या एका झाडाबद्दल माझा निर्णय मागितला जात होता. मी विचार करून उत्तर पाठवायची. आजीनं माझ्या शब्दाप्रमाणे केलं की नाही, हे मे महिन्यात बरणी उघडून बघायची.

आजचा व्हिडिओ कॉल पाहिला की मला त्या कार्डांची आठवण फार येते. पडद्यावर मूल दिसलं की आपण विचारतो: जेवलीस का, शाळा कशी चाललीय, आजीला पापा दे बघू, मराठीत बोल ना. चार प्रश्न होतात आणि मूल पळून जातं. आजीला वाटतं, आपली माया आटली की काय. अहो, माया जागच्या जागी असते. पण त्या मुलानं आपल्याशी करायचं काय, ते आपण त्याला दिलेलंच नसतं. नऊ वर्षांच्या मुलीला ख्यालीखुशाली सांगण्यात रस नसतो. तिला काम हवं असतं, गुपित हवं असतं, एखाद्या गोष्टीवर हक्क हवा असतो.

आमच्या गॅलरीतला मोगरा न्यू जर्सीतल्या माझ्या नातीच्या नावावर आहे. फेब्रुवारीत छाटणी किती खाली करायची, हे ती ठरवते. कळ्या धरल्या की पहिला फोटो तिला, मग घरातल्यांना. देवाला किती फुलं आणि शेजारच्या काकूंना किती, हेही तीच सांगते. कुठल्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तर मला जाब विचारला जातो, आणि मला तो द्यावा लागतो. तिच्या धाकट्या भावाच्या वाट्याला शिवडीचे फ्लेमिंगो आले आहेत. रे रोडहून कॉटन ग्रीन सोडलं की शिवडी. थंडीत ते खाडीच्या चिखलावर उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. भरती-ओहोटीची वेळ बघून मी जाते, तिथूनच फोन लावते. पक्ष्यांच्या मागे अटल सेतू दिसतो, तो पूल संपतो कुठे, हा त्याचा दर वेळचा प्रश्न.

गोष्टींचंही तसंच आहे. राजा-राणी मी सांगतेच, पण मुलांना सगळ्यात आवडलेली गोष्ट आमच्या दारातली आहे. विक्रांत नावाची मोठ्ठी युद्धनौका, जिच्यावरून विमानं उडत. 1961 साली ती नौदलात आली, 1997 साली निवृत्त झाली, आणि 2014 मध्ये तिला आमच्या शेजारच्या दारूखाना भागात आणून तोडायला घेतलं. इथपर्यंत आलं की नातीचे डोळे भरतात. मग मी सांगते की तिच्या पोलादातलं थोडं बजाज कंपनीनं घेतलं आणि 2016 साली त्यातून मोटरसायकली केल्या. म्हणजे विक्रांतचे तुकडे अजून रस्त्यावर धावताहेत. ‘मग तुझ्या गल्लीत आहे का एखादी?’ त्या दिवसापासून मी रस्त्यात उभ्या असलेल्या मोटरसायकली निरखत चालते.

लहान मुलांना पडद्यासमोर बसवू नये, हे मलाही पटतं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2016 साली दीड वर्षाखालच्या बाळांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगितलं, तेव्हा माणसांशी होणारा व्हिडिओ कॉल तेवढा त्यातून वगळला होता. 2014 साली सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ या संशोधक बायकांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समोरचं माणूस पडद्यावरून का होईना, पण मुलाच्या बोलण्या-हसण्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देत असेल, तर मूल नवे शब्द शिकत होतं. तेच आधी चित्रित करून ठेवलेलं दाखवलं तर शिकत नव्हतं. म्हणून माझं मैत्रिणींना सांगणं असतं, बडबडगीतांचे व्हिडिओ पाठवत बसू नका. तुम्ही स्वतः समोर बसा, भाजी निवडत बसलात तरी चालेल, आणि तिकडून शेंग उलटी धरल्याचं कुणी सांगितलं तर ती सुलटी करा.

याला आई-बापांची साथ लागते. दिवसभर नोकरी करून आलेली माझी मुलगी रात्री आठ वाजता उशीला टेकवून फोन उभा करते आणि खोलीबाहेर जाते. तिनं ते केलं नाही तर माझी सगळी माया रे रोडलाच पडून राहील. ‘तुम्ही फोनच करत नाही’ हे वाक्य आज्यांनी तोंडातून काढू नये. त्यानं फोन वाढत नाहीत, ते नकोसे होतात.

दिवाळीचा फराळ पाठवणं हा आमच्याकडचा मोठा सोहळा. लालबागच्या चिवडा गल्लीतून चिवडा, घरच्या करंज्या, आणि खोकं बांधायला सगळा मजला. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे आयातकराचे नियम बदलले, भारतीय टपाल खात्यानं तिकडची पार्सलं थांबवली, ती सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळी तोंडावर आल्यावर. त्या वर्षी खोकं गेलं नाही. मग आम्ही शंकरपाळे फोनवर केले. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, आणि त्यात मावेल तेवढा मैदा. वाटी कुठलीही चालते, तीच सगळ्याला वापरायची. नातीनं पीठ मळलं, तुकडे कापले, तळायला आई उभी राहिली. पुढच्या वर्षी खोकं पाठवू नकोस, असं मला सांगण्यात आलं आहे. मी पाठवणार आहेच, पण शंकरपाळे त्यात नसतील.

अमेरिकेबद्दल एवढं लिहिलं, पण मनाला जास्त बोचतं ते बदलापूर. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, भाडी परवडेनाशी झाली, आणि या भागातली कितीतरी घरं नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरला उठून गेली. माझा मुलगाही खोली लहान पडते म्हणून तिकडे गेला. अंतर गाडीनं दीड-दोन तासांचं, म्हणून कुणालाच ते लांब वाटत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी वेळ कुणी बांधून ठेवत नाही. ‘येऊ कधीतरी रविवारी’ यावर महिने जातात. तिकडच्या नातवाला मी आता पुलाचा मुकादम केलंय. मे 2025 मध्ये रे रोडचा केबलवर तोललेला नवा पूल सुरू झाला. रात्री त्याचे कोणते दिवे लागले, खालून कुठली गाडी गेली, याची त्याला माझ्याकडून खबर लागते, आणि महिन्यातून एकदा तो स्वतः तपासणीला येतो. राहायला येतो, शनिवारी संध्याकाळीच.

न्यू जर्सीच्या शाळांना सुट्टी जूनच्या शेवटापासून. म्हणजे मुलं येतात ती मुंबईच्या भर पावसात. आंबा तेव्हा संपलेला असतो, आणि शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडत असल्यानं बऱ्याच वर्षी गणपतीही हुकतो. म्हणून मे महिन्यातच आंब्याची साठं वाळवून डब्यात ठेवली आहेत. तिन्ही नातवंडं जुलैत इथं एकत्र असतील. पुलावर आधी कोण जाणार यावरून न्यू जर्सी आणि बदलापूर यांच्यात सध्या निरोपांची देवाणघेवाण चालू आहे. मोगऱ्याची एक फांदी दाब कलमासाठी कुंडीत पुरून ठेवावी आणि ती बदलापूरला द्यावी, असा नातीचा हुकूम परवा आला. मी माती आणायला निघाले आहे.