वर्गणीला वाणी, खरेदीला मॉल

दरवर्षी गणेशोत्सवाच्या आधी आपले कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन निघतात. पहिली पावती कोणाच्या नावाने फाटते? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या! बिचारा गल्ल्यातून नोट काढतो, वर एक नारळही देतो. आणि त्याच उत्सवाच्या महाप्रसादाचा रवा, साखर, डाळ, तेल कुठून येते? मॉलमधून, गाडी भरून. गेल्या वर्षी हिशेब तपासताना ही बिले आमच्या हाती आली. दोष कोणाला द्यावा? आमच्या घरीही याहून निराळे चालत नाही.

रिलायन्स फ्रेशची पहिली दुकाने २००६ साली याच हैदराबादेत उघडली. २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनेक ब्रँडांच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला वाट मोकळी केली. तेव्हा चहाच्या कपाबरोबर सरकारचा निषेध करण्यात आपण कोणी मागे नव्हतो. आता मोबाइलवर बोट दाबले की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात! आणि ती पिशवी घ्यायला निषेध करणारेच दार उघडतात.

'स्वस्त पडते' हे आपले ठरलेले उत्तर. मान्य. कॉमर्सला आम्ही एवढे तरी शिकलो की, कंपनीकडून ट्रकभर माल उचलणाऱ्याला बेगम बाजारातून दोन पोती आणणाऱ्यापेक्षा भाव कमी पडणारच. पण हिशेब पुरा मांडा. महिनाभर खात्यावर सामान नेऊन पगार झाल्यावर पैसे देतो, त्या उधारीला व्याज किती? शून्य. क्रेडिट कार्डाचे बिल थकवून पाहा. कित्येक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसते. पाच किलो तांदळासाठी कर्ज देणारी योजना, बँकेत इतकी वर्षे बसूनही, आमच्या पाहण्यात नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा काउंटरच्या आत आम्ही होतो आणि बाहेरच्या रांगेत आपलीच माणसे. दिवसभर उभे राहून रिकाम्या हाताने परतलेल्यांच्या घरी त्या रात्री भात शिजला तो दुकानदाराच्या वहीवर. २०२० च्या टाळेबंदीत एकट्या राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना दूध-पीठ पोहोचवले तेही त्याच्याच पोऱ्याने. आता मात्र रोखीचे सामान मॉलमध्ये आणि अडीअडचणीची उधारी वाण्याकडे! त्याचे भांडवल आपल्या घरी अडकलेले. मग त्याने बेगम बाजारचे पैसे कशातून फेडायचे?

दुकानदार काही साधू नव्हे. खोबरे खवट निघते, बिल मागितले तर कपाळाला आठ्या पडतात. पण ते खवट खोबरे तो परत तरी घेतो.

कोणी म्हणेल, 'तो कुठे आपला मराठी?' नसेल. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथेच राहिलो, ते शेजाऱ्यांच्या भरवशावरच ना? काचीगुड्यातला आमचा दुकानदार तेलुगू. पण आषाढी एकादशीच्या आधी भगर, साबुदाणा बाजूला काढून ठेवतो. गोड्या मसाल्याची यादी दिली की दगडफूल म्हणजे 'पत्थर का फूल' हे त्याला सांगावे लागत नाही. आमच्या आईला ते सामान मोबाइलवर शोधून देताना आमच्या मुलाला घाम फुटला होता.

येत्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. महाप्रसादाची यादी यंदा प्रथम वर्गणी देणाऱ्या दुकानदारांकडे जावी. भावात फरक पडलाच तर तो हिशेबात उघड दाखवावा. काय भुर्दंड पडतो ते सर्वांना दिसू द्या. विरोध असेल त्यांनी समोर येऊन बोलावे. मात्र बैठकीला येण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या वाण्याकडची मागची बाकी चुकती करून यावे. आमची स्वतःची सहाशे चाळीस रुपये निघाली. कालच देऊन आलो.