ताटली मात्र परत देणार नाही

कार्यकारिणीस, आणि ज्यांच्या बाल्कन्या तळ्याकडे उघडतात त्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. प्रेम सध्या तळाला गेलंय.

विशेष सभेचं इतिवृत्त काल दाराखालून सरकवलेलं मिळालं. तिसऱ्या पानावर वाक्य आहे : ‘तळ्याच्या देखभालीत आजवर शास्त्रीय दृष्टिकोनाचा अभाव होता.’ आजवर म्हणजे सतरा वर्षं, आणि त्या सतरा वर्षांत तळ्याकडे बघणारी मी एकटीच. मग नाव तरी लिहायचं होतंत.

तुमची मुलं जिला ‘काकूंची ताटली’ म्हणून हसतात, ती सेक्की थाळी आहे. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली पोपच्या जहाजावरून अशी थाळी समुद्रात सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजलं. माझी पातेल्याच्या झाकणाची आहे. चार खण पाडून दोन काळे, दोन पांढरे रंगवलेत, खाली लोखंडी वजन बांधलंय, आणि दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी. दर रविवारी सकाळी दहाला धक्क्यावरून सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. जानेवारीत सहा-सात गाठी, मेमध्ये जेमतेम दोन. वह्या चार भरल्या. एकानेही त्यातली एक उघडून पाहिली नाही.

ठाण्यात राहून तळं म्हणजे काय हे मी कुणाला सांगायला नको. पण तलावपाळीला संध्याकाळी फिरायला जाणं वेगळं आणि दाराशी तळं सांभाळणं वेगळं. मृगाआधी चऱ्या उपसाव्या लागतात, पाणी आत येतं तिथे जाळी बसवावी लागते. पावसाचं पहिलं पाणी सगळ्यात घाण. रस्त्यावरचं तेल, गाड्या धुतल्याचा साबण, कुत्र्यांची घाण, सगळं घेऊन येतं. ते तळ्यात न घेता नाल्याला सोडायचं. त्यासाठी तळ्याच्या तोंडाशी चाकाचा दरवाजा आहे, तो मी भर पावसात, रेनकोट घालून फिरवलाय. श्रावणात जलपर्णीचं एक रोप दिसलं तरी त्याच दिवशी उपटायचं. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. गणपतीत निर्माल्याच्या पिशव्या. त्याबद्दल काही लिहीत नाही, कुणाच्या पिशव्या ते सगळ्यांना माहीत आहे. थंडीत काही काम नसतं. थंडीत खंड्या बघायचा.

उन्हाळ्यात मात्र झोप लागत नाही. पाणी हिरवं होतं, कारण त्यात शेवाळ वाढतं. ते दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला असला की आणखीच कमी. अशा दिवसांत पाण्याला हात लावायचा नाही, पंप लावून ते खेळतं ठेवायचं, एवढंच.

तुम्हाला वर्धापनदिनाला निळं पाणी हवं होतं. ठेकेदाराने मोरचूद आणलं. मी सांगितलं, घालायचंच असेल तर एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच घाला, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. शेवाळ एकदम मेलं तर कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकेल. त्याने संपूर्ण तळ्यात एका दुपारी घातलं. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. रात्री साडेदहाला मी सेक्रेटरींना फोन केला की पंप रात्रभर चालू ठेवा. उत्तर आलं, “काकू, विजेचं बिल कोण भरणार? झोपा आता.”

पहाटे पाचला मी धक्क्यावर होते. अंधारात चपचप असा आवाज येत होता, लहान मूल तोंडाने करतं तसा. बॅटरी मारली तर रोहू, कटला, तिलापिया, सगळे पृष्ठभागाला तोंडं लावून हवा ओढत होते. मोठे आधी गेले. मी जिना चढून स्वतः पंपाचं बटण दाबलं, पण वेळ गेली होती. उजाडलं तेव्हा पोटं वर आली होती. वॉचमन आणि मी गोणपाटांत भरले. नऊ गोण्या भरल्या. खाली कुणी उतरलं नाही. ग्रुपवर मात्र एक मेसेज होता : ‘वास कधी जाईल? पाहुणे आहेत.’ त्यावर सात अंगठे.

माझं दुखणं मासे मेल्याचं नाही, असं म्हणू शकले असते तर बरं वाटलं असतं. तेही आहेच. पण अभाव माझ्यात होता, हे तुम्ही त्यानंतर लिहिलंत.

दरवाजाची चावी या पाकिटात आहे. चाक अडकतं; आधी अर्धा फेरा उलटा फिरवा, मग सुटतं. जाळी पंपघराच्या मागे, उजव्या कोपऱ्यात आहे. ठेकेदार ‘नंतर बसवू’ म्हणाला होता, अजून बसवलेली नाही आणि आभाळ भरून आलंय. वह्या सोबत ठेवल्यात. ताटली मात्र माझी आहे, ती देणार नाही. तिचं पातेलं अजून घरात आहे, सतरा वर्षं झाकणाशिवाय.

तुमची,
ताटलीवाली काकू