शास्त्रज्ञ काही चक्रावलेले नाहीत

एक मथळा वर्षभर आमच्या डोक्यात गेला आहे : 'निसर्गाचा चमत्कार! शास्त्रज्ञही चक्रावले.' कधी तो निघोजच्या रांजणखळग्यांवर असतो, कधी सांदण दरीवर, कधी बोअरमधून उसळलेल्या पाण्यावर. सरत्या वर्षात बाकीही घडलं. सप्टेंबरात शेवगाव-पाथर्डीत पाऊस असा कोसळला की या तालुक्यांना दुष्काळी म्हणायची सोय राहिली नाही. त्यावर या अंकात लेख आहेतच. पण या मथळ्याचं काय करायचं?

निघोजला कुकडी नदीच्या पात्रात काळा बेसाल्ट आहे. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगरत खडक कोरत खाली जातात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही रांजणांच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात. आरोपी हत्यारासह जागेवरच सापडलेला, आणि बातमीदार मात्र गूढ शोधतोय! वर 'आशियातील सर्वांत मोठे' हे शेपूट. कोणी मोजले, कोण जाणे.

चक्रावायचंच असेल तर त्याच कुकडीवर वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात बोरी आहे. तिथे काठाच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि सोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. काहींच्या मते ही राख सुमारे 75 हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून उडून आली. काहींच्या मते ती त्याहून कित्येक लाख वर्षं जुनी आहे. हा वाद खरा आहे, कित्येक वर्षं चालला आहे. त्याला मथळा मिळत नाही.

राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना पाठ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूंच्या पोकळ्या राहिल्या, झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या भरल्या, आणि विहीर खोदताना हिरव्यागार ॲपोफिलाइटचे स्फटिक हाती आले. परदेशातल्या काचेच्या कपाटांत गावाच्या नावाची चिठ्ठी लागली. नगरमध्ये किती जणांना हे माहीत आहे?

खडक ओळखणं ही नुसती हौस नव्हे. भेगाळलेला, कुजलेला खडक पाणी धरतो. घट्ट पाषाण धरत नाही. विहीर खोदणारा ढिगाऱ्यातला एक दगड उचलून 'मांजऱ्या', म्हणजे अशाच भरलेल्या पोकळ्यांचा खडक, 'लागला' म्हणतो, तेव्हा खाली काय आहे हे त्याला कळलेलं असतं. आम्ही मात्र पाणी शोधायला नारळ तळहातावर धरणाऱ्याच्या मागे फिरतो आणि कोरड्या पाषाणात फूट-फूट पैसे ओततो. हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ती खडकाची ऐपत ओळखूनच.

यंदाच्या अंकाचा विषय 'प्रवास' आहे. गोट्यांचा प्रवास, राखेचा प्रवास असं म्हणून हे सगळं त्यात बसवता येईल. थोडं ओढूनताणून, पण तेवढी मुभा तुम्ही आम्हाला नेहमीच देत आला आहात. कथा नंतर वाचल्या तरी चालतील. विहिरींवरचा लेख आधी वाचा, आणि येत्या उन्हाळ्यात बोअरच्या गाडीवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी पुन्हा एकदा वाचा.